जुने रेकॉर्ड उडवणारा इव्हेंट लावलाय, एनेबल्ड पण दाखवतोय, तरी टेबल वाढतंच चाललंय (मायएसक्यूएल)

दर तीन-चार महिन्यांनी मला एकच फोन येतो, "सर, डिस्क फुल्ल दाखवतंय." आणि मी दरवेळी तेच म्हणतो, अहो पण जुना डेटा उडवायचा इव्हेंट लावलाय की आपण. इव्हेंट (मायएसक्यूएल डेटाबेस ठरलेल्या वेळी आपोआप चालवतो ते काम) असतोच, लिस्टमध्ये दिसतो, पुढे एनेबल्ड लिहिलेलं असतं, आणि टेबल मात्र पावसाळ्यातल्या गवतासारखं माजलेलं. तक्रार तीच, पण कारण दरवेळी वेगळं निघालं, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की आता झालं, आता परत फोन यायचा नाही. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय, ज्याला ज्याचा उपयोग होईल त्याने ते उचला. कमांड देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.

आधी थोडं सेटअपबद्दल. दूध संकलनाचं सॉफ्टवेअर आहे, कोल्हापूरकडच्या संस्था वापरतात. काटा आणि फॅट मशीनकडून जे रीडिंग येतं ते जसंच्या तसं एका लॉग टेबलात पडतं, आणि उत्पादकाची एंट्री, दर, रक्कम वगैरे वेगळ्या टेबलात जाते. कच्चा लॉग ठेवायचा एवढ्यासाठी की कोणी "माझी फॅट कमी लावली" म्हणून भांडायला आला तर मशीनने काय सांगितलं ते दाखवता यावं. नव्वद दिवसांनंतर कोणी भांडत नाही, बिलं वाटून झालेली असतात. म्हणून रोज रात्री ९० दिवसांपूर्वीचा लॉग उडवायचा, इतकंच काम. काम किती साधं आहे बघा, आणि त्याने मला किती नाचवलंय ते पुढे वाचा.

पहिल्यांदा फोन आला तेव्हा कारण एकदम बाळबोध होतं. सर्व्हरवर मायएसक्यूएल ५.७ होतं, आणि ५.७ पर्यंत इव्हेंट शेड्यूलर (इव्हेंट वेळेवर चालवणारा भाग) मुळातच बंद असतो. मी तो 'सेट ग्लोबल इव्हेंट_शेड्यूलर = ऑन' करून चालू केला होता, इव्हेंट चालला, मी खूश. नंतर कधीतरी लाईट गेली, युपीएसने पण मान टाकली, सर्व्हर रिस्टार्ट झाला आणि शेड्यूलर परत बंद. 'सेट ग्लोबल' रिस्टार्टनंतर टिकत नाही हे मला माहीत होतं, फक्त त्या दिवशी सुचलं नाही. ते कॉन्फिग फाइलमध्येच, मायएसक्यूएलडीच्या सेक्शनखाली लिहायचं. ८.० मध्ये डिफॉल्टच ऑन आहे, आणि 'सेट पर्सिस्ट' वापरलं तर रिस्टार्टनंतरही राहतं. ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपलाय पण तालुक्याच्या ठिकाणी ते अजून निवांत चालू असतं, त्यामुळे हे बघावंच लागतं.

बघायचं कसं, तर 'शो व्हेरिएबल्स लाइक इव्हेंट_शेड्यूलर'. ऑन, ऑफ किंवा डिसेबल्ड यातलं एक येईल. ऑफ असेल तर चालू करता येतो, डिसेबल्ड असेल तर चालू सर्व्हरवर काही करता येत नाही, कॉन्फिग बदलून रिस्टार्टच. आणि खात्री करायची असेल तर 'शो प्रोसेसलिस्ट' मारा, त्यात युजरच्या जागी इव्हेंट_शेड्यूलर नावाची एक ओळ दिसली पाहिजे. ती ओळ नसेल तर इव्हेंटसमोर एनेबल्ड लिहिलेलं असलं काय नि नसलं काय. एनेबल्ड म्हणजे हा इव्हेंट चालवायला हरकत नाही एवढाच अर्थ, चालवणारा जागेवर आहे की नाही ते त्यातून कळत नाही.

दुसऱ्यांदा सर्व्हर बदलला होता. जुन्यावर मायएसक्यूएलडम्पने बॅकअप घेतला, नव्यावर चढवला, ॲप चालू, सगळे खूश. पण मायएसक्यूएलडम्प ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड) आपणहून घेतो आणि इव्हेंट घेत नाही! '--इव्हेंट्स' वेगळं सांगावं लागतं, प्रोसिजर हव्या असतील तर '--रूटीन्स' पण. म्हणजे नव्या सर्व्हरवर इव्हेंट नव्हताच, एरर यायचा प्रश्नच नाही, जे नाहीच ते फेल कसं होणार. तीन महिन्यांनी डिस्क भरली तेव्हा कळलं.

मग मी '--इव्हेंट्स' लावून परत डम्प घेतला, इव्हेंट आला, दिसला, आणि तरी रो (टेबलातल्या ओळी) कमी होईनात. आता काय, तर डिफायनर. इव्हेंट जो युजर बनवतो त्याच्या अधिकाराने चालतो, आणि तो युजर इव्हेंटला चिकटून डम्पमध्ये येतो. जुन्या सर्व्हरवर मी माझ्या नावाच्या युजरने बनवला होता, नव्यावर तो युजर कोणी बनवलाच नव्हता. अशा वेळी इव्हेंट वेळेवर उठतो, डिफायनर सापडत नाही म्हणून पडतो, आणि हे फक्त एरर लॉगमध्ये लिहिलं जातं (एरर नंबर १४४९). स्क्रीनवर कुठेही काही दिसत नाही. इन्फर्मेशन_स्कीमा मधल्या इव्हेंट्स टेबलात लास्ट_एक्झिक्युटेड नावाचा कॉलम आहे, त्यात कालची तारीख बघून मी निर्धास्त होतो, पण तिथे तारीख आली म्हणजे डिलीट झालं असं अजिबात नाही, फक्त वेळ झाली तेव्हा उठवला होता एवढंच. तेव्हापासून मी साफसफाईसाठी वेगळा युजर ठेवतो, त्याला त्या एका टेबलावर सिलेक्ट आणि डिलीट, नोंदीच्या टेबलावर इन्सर्ट-अपडेट आणि त्या डेटाबेसवर इव्हेंटचा अधिकार, बस. माणूस नोकरी सोडून गेला आणि त्याचा युजर उडवला की इव्हेंट मेला, असं व्हायला नको.

याच जातीचा अजून एक प्रकार, मला स्वतःला आला नाही पण एका मित्राच्या इथे बघितलाय. रेप्लिका (मुख्य सर्व्हरची सतत अपडेट होणारी नक्कल) असेल तर इव्हेंट तिच्यावर मुद्दाम बंद अवस्थेत जातो, स्टेटसमध्ये स्लेव्हसाइड_डिसेबल्ड येतं, नव्या व्हर्जनमध्ये शब्द बदललाय. ते बरोबरच आहे, नाहीतर दोन्हीकडे चालेल. पण मुख्य सर्व्हर गेला आणि रेप्लिकाला मुख्य केलं की तिथले इव्हेंट आपोआप जागे होत नाहीत, 'ऑल्टर इव्हेंट ... एनेबल' एकेकाला मारायला लागतं. त्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहतंय.

तिसरा फोन मात्र डिस्कचा नव्हता. सकाळी साडेसातला आला, "सर, एंट्री घेईना झालंय, बाहेर लाईन लागलीय." सकाळचं संकलन म्हणजे काय ते ज्याने बघितलंय त्यालाच कळेल, कॅन घेऊन माणसं उभी, प्रत्येकाला पुढचं काम, आणि कॉम्प्युटरवर गोल फिरतंय. मी उठून लॅपटॉप उघडेपर्यंत चालू झालं. दुसऱ्या दिवशी परत साडेसात. तिसऱ्या दिवशी मी सात वीसलाच लॉगिन करून बसलो आणि प्रोसेसलिस्टमध्ये आमचा लाडका डिलीट रंगेहाथ सापडला.

मी इव्हेंटला रात्री दोनची वेळ दिली होती. पण नवा सर्व्हर क्लाउडवर, त्याचं घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ), आणि यूटीसीचे रात्रीचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. इव्हेंट बनवताना त्या सेशनचा जो टाइम झोन असतो तोच इव्हेंटला कायमचा चिकटतो, इव्हेंट्स टेबलात टाइम_झोन कॉलम आहे तिथे दिसतो, आणि सिस्टम लिहिलेलं असेल तर सर्व्हरचं घड्याळ कोणतं ते बघायचं. उपाय सोपा आहे, इव्हेंट ड्रॉप करा, 'सेट टाइम_झोन = +०५:३०' मारा (तारखा-वेळा टाकताना आकडे इंग्रजीच हं), आणि त्याच सेशनमध्ये परत बनवा. एशिया/कोलकाता असं नाव पण चालतं पण त्यासाठी टाइम झोनची टेबलं भरलेली लागतात, बऱ्याच सर्व्हरवर ती रिकामी असतात. आपल्याकडे घड्याळ पुढेमागे करायची भानगड नाही त्यामुळे +०५:३० कायम बरोबर.

दोन बारीक गोष्टी इथेच सांगून टाकतो. 'एव्हरी १ डे' लिहिलं आणि 'स्टार्ट्स' दिलंच नाही तर तुम्ही ज्या क्षणी इव्हेंट बनवला तीच वेळ रोजची होते, म्हणजे सकाळी अकरा चाळीसला बनवला तर रोज अकरा चाळीसला ऐन कामात चालणार. आणि ज्यांचा सर्व्हर म्हणजे ऑफिसमधला पीसी आहे आणि तो रात्री बंद करून घरी जातात, त्यांचा दोनचा इव्हेंट कधीच चालत नाही. सकाळी पीसी चालू केला की राहिलेलं काम भरून काढेल असं वाटतं, पण तो चुकलेली पाळी सोडून पुढच्या दोनची वाट बघतो. अशा ठिकाणी मी संध्याकाळचं संकलन संपल्यानंतरची वेळ देतो.

वेळ सुधारली, पण खरा प्रश्न वेगळाच होता आणि तो मला सतावत राहिला: लॉग टेबलातल्या डिलीटमुळे दुधाची एंट्री का अडकावी? यातच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

माझी क्वेरी अशी होती, 'डिलीट फ्रॉम मशीन_लॉग व्हेअर डेट(क्रिएटेड_ॲट) < क्युरडेट() - इंटरव्हल ९० डे'. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) होता. पण कॉलमला डेट() मध्ये गुंडाळलं की इंडेक्स कामाचा राहत नाही, मायएसक्यूएल पूर्ण टेबल वरपासून खालपर्यंत वाचतं. आणि इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) डिफॉल्ट आयसोलेशनला (एकाच वेळची कामं एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची ते सेटिंग), म्हणजे रिपीटेबल रीडला, डिलीट जे जे रो वाचत जातं त्या सगळ्यांवर लॉक ठेवतं, जे उडवायचे नाहीत त्यांच्यावर पण, आणि रोंच्या मधल्या जागांवर पण. टेबलाच्या शेवटापर्यंत पोचलं की नवीन रो घालायची जागा सुद्धा लॉक. मग काट्याकडून नवीन रीडिंग आलं की ते थांबणार. आणि आमच्या ॲपमध्ये (मीच लिहिलेलं, दुसऱ्याला बोल लावायची सोय नाही) रीडिंगचा लॉग आणि उत्पादकाची एंट्री एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही असं एकत्र बांधलेलं काम) होती. लॉग थांबला म्हणजे एंट्री थांबली. ५० सेकंद वाट बघून 'लॉक वेट टाइमआउट एक्सीडेड', एरर १२०५. बाहेर लाईन.

सुधारणा तीन ठिकाणी केली. कॉलम मोकळा सोडला, 'क्रिएटेड_ॲट < नाऊ() - इंटरव्हल ९० डे'. लॉगचं इन्सर्ट मुख्य ट्रान्झॅक्शनमधून बाहेर काढलं. आणि एकदम डिलीट करायचं बंद केलं, पाच-पाच हजारांचे घास. इव्हेंटच्या आत बिगिन-एंड, त्यात एक रिपीट लूप: ऑर्डर बाय आयडी, लिमिट ५००० लावून डिलीट, लगेच रो_काउंट() एका व्हेरिएबलमध्ये पकडायचा, मग 'डू स्लीप(०.५)', आणि काउंट शून्य झाला की बाहेर. रो_काउंट डिलीटच्या अगदी पुढच्याच ओळीत पकडा, मध्ये दुसरं काही घातलं तर त्याचा काउंट येतो आणि लूप एकतर लगेच संपतो नाहीतर संपतच नाही. ऑटोकमिट चालू असतं त्यामुळे प्रत्येक घास आपापला कमिट (पक्का) होतो, उगाच वर 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन' लिहून सगळं परत एकत्र बांधू नका. पाच हजार हा काही शास्त्रातला आकडा नाही, माझ्या सर्व्हरला झेपला म्हणून ठेवला, तुम्ही हजारापासून सुरू करा.

बिगिन-एंड लिहिताना डिलिमिटर (कमांड संपल्याची खूण) बदलायला विसरलात तर पहिल्याच अर्धविरामाला सिंटॅक्स एरर येईल आणि तुम्ही तासभर क्वेरीत चूक शोधत बसाल. मी बसलोय.

आजचं काम संपायच्या आत उद्याचा इव्हेंट सुरू होऊ शकतो, मायएसक्यूएल तो अडवत नाही, दोन्ही एकमेकांच्या पायात पाय घालतात. रोजच्या इव्हेंटला हे सहसा होत नाही पण दर दहा मिनिटांनी चालणाऱ्याला हमखास होतं. सुरुवातीला 'गेट_लॉक' ला एक नाव आणि वेळ शून्य द्यायची, १ आलं तरच पुढे जायचं, शेवटी 'रिलीज_लॉक'.

आणि आणखी एक छोटं टेबल बनवलं, साफसफाईची नोंदवही. सुरू झाल्यावर एक रो, संपल्यावर त्याच रोमध्ये संपायची वेळ आणि किती उडवले ते. संपायची वेळ रिकामी दिसली म्हणजे मध्येच मेला, आजचा रोच नाही म्हणजे सुरूच झाला नाही. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर वरचे दोन फोन आलेच नसते. इव्हेंटमध्ये सिलेक्ट लिहून काही दिसत नाही, त्याचं आउटपुट कुठेच जात नाही, त्यामुळे टेबलात लिहिणं हाच मार्ग.

आता एक किस्सा, जो नशिबाने टेस्ट सर्व्हरवरच झाला. घास घेताना दरवेळी तारखेवर शोधण्यापेक्षा मला हुशारी सुचली, की ९० दिवसांपूर्वीचा सगळ्यात मोठा आयडी एकदा काढून ठेवायचा आणि मग नुसतं 'आयडी त्याच्यापेक्षा लहान किंवा तेवढा' असं उडवत जायचं. प्रायमरी की (रो ओळखायचा मुख्य कॉलम), एकदम फास्ट. आयडी वाढत जातो, तारीख वाढत जाते, दोन्ही बरोबरच चालणार ना. चालवलं, आणि टेबल जवळजवळ रिकामं! झालं असं होतं की क्रिएटेड_ॲट मध्ये केंद्रावरच्या पीसीची वेळ येत होती, आणि एका केंद्रावरच्या पीसीच्या मदरबोर्डची बॅटरी संपलेली, चालू केला की तारीख कित्येक वर्षं मागे. त्याचा कालचाच रो, आयडी ताजा, तारीख जुनीपुराणी. सगळ्यात मोठा आयडी तोच निघाला आणि त्याच्या खालचं सगळं गेलं. नेट नसताना घेतलेल्या आणि नंतर सिंक झालेल्या एंट्रींचं पण थोड्या प्रमाणात हेच होतं. तेव्हा साफसफाईसाठी क्लायंटने पाठवलेली तारीख वापरूच नका, सर्व्हरवर रो आला कधी तो वेगळा कॉलम ठेवा, डिफॉल्ट करंट_टाइमस्टँप, त्यावर इंडेक्स, आणि तोच बघून उडवा. आणि नवीन क्वेरी कधीही आधी डिलीटच्या जागी सिलेक्ट काउंट लावून चालवायची. आकडा बघून पोटात गोळा आला तर थांबायचं.

पहिल्यांदाच लावत असाल आणि मागचा वर्षानुवर्षांचा ढीग पडलेला असेल तर तो ढीग इव्हेंटवर सोडू नका. दोन-तीन रात्री स्वतः बसून हाताने उपसा, पेर्कोना टूलकिटमधलं पीटी-आर्कायव्हर याच कामाचं आहे, ते दुसरीकडे कॉपी करून मग उडवू पण शकतं. रोजचा रोज कचरा काढायला इव्हेंट ठीक.

एवढं सगळं झाल्यावर चौथा फोन. "सर, डिस्क तशीच आहे." आणि यावेळी इव्हेंट व्यवस्थित चालू होता, नोंदवहीत रोजचे आकडे होते. इनोडीबी रो उडवल्यावर फाइल लहान करत नाही, आतली जागा मोकळी म्हणून ठेवते आणि पुढचे रो त्यात भरते. म्हणजे फाइल वाढायची थांबेल पण आक्रसणार नाही. इन्फर्मेशन_स्कीमाच्या टेबल्समध्ये डेटा_फ्री बघितलं की अंदाज येतो. जागा परत हवीच असेल तर 'ऑप्टिमाइझ टेबल', जे आतून टेबल नव्याने बांधतं, आणि त्यासाठी नव्या टेबलाएवढी जागा आधी मोकळी लागते. डिस्क ९८ टक्के भरल्यावर हे करायला जाऊ नका. शिवाय बिनलॉग (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाइल): रो फॉरमॅटमध्ये उडवलेला प्रत्येक रो बिनलॉगमध्ये लिहिला जातो, आणि ८.० मध्ये बिनलॉग डिफॉल्ट ३० दिवस राहतात. म्हणजे मी तो मोठा ढीग उपसला त्या आठवड्यात डिस्क कमी व्हायच्या ऐवजी वाढली होती, कारण कचरा एका खोलीतून काढून दुसऱ्या खोलीत ठेवल्यासारखं झालं. बिनलॉगचे दिवस कमी केले तर चालतं, पण रेप्लिका मागे नाही ना आणि बॅकअप त्याच्यावर अवलंबून नाही ना हे बघून. फाइल फोल्डरमध्ये जाऊन हाताने उडवू नका, 'पर्ज बायनरी लॉग्ज' वापरा.

पोस्टग्रेसवाल्यांना हेच दुखणं दुसऱ्या नावाने आहे, तिथे मुळात शेड्यूलर आत नसतो, पीजी_क्रॉन एक्स्टेन्शन घाला किंवा साधा क्रॉन (लिनक्सचा वेळेवर काम चालवणारा), आणि जागेचं काम व्हॅक्यूमकडे (उडवलेल्या रोंची जागा मोकळी करणारी कमांड). एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस वापरणाऱ्यांनी एजंट (तिथला शेड्यूलर) शोधत बसू नये, एक्सप्रेसमध्ये तो येत नाही, विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून चालवावं लागतं.

सध्या मी लॉग टेबलापुरतं डिलीटच बंद केलंय. महिन्याचं एक असं रेंज पार्टिशन (तारखेप्रमाणे टेबलाचे वेगळे तुकडे) केलं, इव्हेंट आता जुनं पार्टिशन ड्रॉप करतो, क्षणात होतं, जागा पण खरोखर परत मिळते आणि बिनलॉगमध्ये एकच ओळ. त्यासाठी तारखेचा कॉलम प्रायमरी कीमध्ये घालावा लागला, आणि फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी बांधणारा कॉलम) असलेल्या टेबलाला हे जमत नाही, लॉगला ती नव्हती म्हणून सुटलो. फक्त महिन्याने मोजायचं म्हणजे ९० ऐवजी कधी कधी १२० दिवसांचा लॉग राहतो, राहू दे.

नवीन महिन्याचं पार्टिशन बनवायचं काम त्याच इव्हेंटमध्ये घातलंय, आणि ते एक महिना नाही, तीन महिने पुढचं बनवून ठेवतो. पुढचं पार्टिशन नसेल तर एक तारखेला रात्री बारानंतर पहिलं इन्सर्ट एरर १५२६ देऊन परत येतं, आणि ते कळणार सकाळच्या संकलनाला.